मेकअप पाण्याचा रकाना

आप्पा, म्हणजे माझे सासरे, गेल्या नोव्हेंबरात आमच्याकडे श्टुटगार्टला राहायला आले. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात त्यांनी ३२ गळीत हंगाम बॉयलरवर काढले. मी इथे इमारतींच्या हीटिंगची आखणी करते. दोघांचा धंदा शेवटी एकच, पाणी तापवण्याचा. तेव्हा आमचं छान जमेल, असा नवऱ्याचा समज होता.

आमच्या घराचं हीटिंग तसं साधं आहे. तळघरात गॅसचा बॉयलर. त्यातलं गरम पाणी नळ्यांमधून तीन मजल्यांवरच्या लोखंडी रेडिएटरांत फिरतं आणि गार होऊन परत येतं. सगळं मिळून दोनशे लिटर पाणी, बंद चक्रात, वर्षानुवर्षं तेच. आप्पांची खोली सगळ्यांत वर. तिसऱ्या रात्री त्यांच्या रेडिएटरमध्ये गुडगुड सुरू झाली आणि त्याचा वरचा अर्धा भाग गार पडला. आप्पांनी ड्रॉवरमधली चौकोनी तोंडाची किल्ली शोधून काढली, रेडिएटरच्या कोपऱ्यातला स्क्रू सैल केला. फुस्स करून हवा गेली, पाण्याची चिळकांडी आली, स्क्रू बंद. मग तळघरात उतरून रबरी नळी जोडली आणि दाब उतरला होता तेवढं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभर हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. शनिवारी सकाळी, हातात नळी घेतलेले आप्पा मला तळघरात सापडले. तिथे सुरू झालेला वाद जेवणाची पानं मांडेपर्यंत पुरला.

मी : आप्पा, हे काय चाललंय?

आप्पा : तुझं काम. लाइनीत हवा धरलीय. ती सोडतोय आणि तेवढं पाणी देतोय.

मी : हवा सोडलीत ते बरोबर. पण रोज पाणी नका भरू.

आप्पा : मग काय भरू, दूध? अगं, हंगामाला बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं, चेअरमनसाहेबांचं भाषण व्हायचं, फोटो निघायचे. मंडळी पांगली की आमचं पहिलं काम एकच. ड्रमवरचा व्हेंट उघडा ठेवायचा. हवा जाऊन नुसती वाफ फुटेपर्यंत बंद करायचा नाही. हवा ही हुसकवायचीच वस्तू आहे.

मी : हुसकवा ना. पण नळाचं ताजं पाणी भरता तेव्हा तुम्ही हवाच परत आत घेता. गोटीसोडा आठवा. गोटी दाबेपर्यंत बाटलीत गॅस दिसतो का? दाब आहे तोवर वायू पाण्यात विरघळून राहतो. दाब काढला की वर येतो. मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीनं १८०३ मध्ये हाच नियम मांडला. पाणी तापवलं तरी वायू बाहेर पडतो. १० अंशांच्या नळाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, नायट्रोजन वेगळाच. ते पाणी बॉयलरमध्ये तापतं, बुडबुडे सुटतात आणि तुमच्या खोलीत येऊन जमतात, कारण सगळ्यांत कमी दाब सगळ्यांत वर.

आप्पा : म्हणजे सकाळी सोडलेली हवा मीच पुन्हा भरतो म्हणतेस.

मी : काही प्रमाणात, हो. आणि ऑक्सिजन नुसता गुडगुडत बसत नाही, लोखंड खातो. एक ग्रॅम ऑक्सिजन अडीच ग्रॅमांहून जास्त लोखंड खातो आणि त्याचा साडेतीन ग्रॅम काळा गाळ करतो. मॅग्नेटाइट. तो पंपाच्या चुंबकाला चिकटतो, रेडिएटरच्या तळाशी बसतो, बॉयलरच्या बारीक वाटा बुजवतो.

आप्पा : थांब. मी रोज दोन-एक लिटर भरतो. लिटरला ११ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला २२. वर्षभर रोज भरलं तरी आठ ग्रॅम. तुझ्याच हिशेबानं २८ ग्रॅम गाळ, तोही या सगळ्या घरात मिळून. एवढ्यानं रेडिएटर सडतात होय गं?

इथे मी अडखळले. ताजं पाणी भरू नका, असं आमच्या धंद्यात आम्ही येता-जाता सांगतो. पण बसून भागाकार कोण करतं? आप्पांचा हिशेब बिनचूक होता.

मी : सडत नाहीत. नुसत्या त्या पाण्यानं नाही सडत.

आप्पा : मग ओरडलीस कशाला?

मी : कारण रोज दोन लिटर लागतात हेच चुकीचं आहे. बंद चक्राला पाणी लागायलाच नको. आणि दुसरं, तुम्ही जी सोडता ती हवा नसणारच, असं मला वाटत होतं. नव्यानं भरलेल्या पाण्यातला ऑक्सिजन काही दिवसांत लोखंडात जिरून संपतो. मागे नायट्रोजन उरतो. गंजताना कधी कधी हायड्रोजनही तयार होतो. जुन्या रेडिएटरमधून सुटणारा वायू काडी धरली तर पेटू शकतो, म्हणून तिथे काडी ओढायची नसते.

आप्पा : बरं झालं, आता बिड्या सोडल्यात. म्हणजे तुझ्या चांगल्या सिस्टिममधलं पाणी मेलेलं असतं.

मी : मेलेलंच हवं. इथे व्हीडीआय २०३५ नावाची मार्गदर्शिका आहे. तिच्या मते चालू चक्रातल्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावा. नळाच्या पाण्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. मेलेलं पाणी सहसा नितळ तरी असतं, नाहीतर काळसर. काळा गाळ म्हणजे ऑक्सिजन अपुरा पडला. तांबडं पाणी म्हणजे ऑक्सिजन अजून भरपूर मिळतोय.

आप्पांनी खिडकीत ठेवलेला स्टीलचा पेला माझ्यापुढे धरला. सकाळी रेडिएटरमधून निघालेलं पाणी त्यात राखून ठेवलं होतं. दूध न घातलेल्या चहासारखं तांबूस.

आप्पा : हे जिवंत की मेलेलं?

मी : जिवंत.

आप्पा : मग औषध दे त्याला. आमच्याकडे डीएरेटर होता. वरून पाणी ट्रेवरून पडायचं, खालून वाफ यायची, १०५ अंश. बहुतेक ऑक्सिजन तिथंच उडायचा. राहिलेला सोडियम सल्फाइटनं मारायचा. एक ग्रॅम ऑक्सिजनला आठ ग्रॅम सल्फाइट. किलोभर आण, दहा वर्षं बघायला नको.

मी : आप्पा, तुमची वाफ टर्बाइनला जायची, पॅनवर जायची. जेवढं पाणी परत यायचं नाही तेवढं नवं द्यावं लागायचं, चोवीस तास. शत्रू रोज दारात, म्हणून औषधही रोज. इथे वीस-वीस वर्षं तेच पाणी फिरतं. सल्फाइट ऑक्सिजन घेऊन सल्फेट होतं आणि ते क्षार पाण्यातच साठत जातात. क्षार वाढले की गंजायला उलट हातभार लागतो. तुम्ही काय करायचात क्षार वाढले की?

आप्पा : ब्लोडाउन. खारं झालेलं पाणी थोडं सोडून द्यायचं.

मी : इथे ब्लोडाउन केलं तर पुन्हा?

आप्पा : पुन्हा नवं पाणी. हं. म्हणजे औषधच रोग आणेल. पण सगळं जग असंच करतं का? तुझा तो जर्मनीचा कागद सोड.

मी : नाही. ब्रिटनमध्ये जुन्या घरांत माळ्यावर उघडी टाकी असते. पाणी फुगलं की तिच्यात चढतं, आकसलं की उतरतं. टाकी उघडी, म्हणजे ऑक्सिजन येणारच. म्हणून पाण्यात इन्हिबिटर, गंज रोखणारं औषध, घालायची तिथे पद्धतच पडली. आता बंद चक्रांतही ते घालतात. अमेरिकेत जुन्या घरांची रीत आणखी निराळी. तळघराच्या छताला साधी लोखंडी टाकी टांगलेली, थोडं पाणी, वर हवा, मध्ये पडदा नाही. पाण्यातून सुटलेली हवा बाहेर घालवायची नाही, नळीनं पुन्हा त्या टाकीत पाठवायची.

आप्पा : हवा सांभाळून ठेवायची?

मी : हवा हीच त्यांची उशी. अशा घरात कुणी हौसेनं आपोआप हवा सोडणारा व्हेंट बसवला तर टाकीतली हवा दिवसेंदिवस कमी होते, टाकी पाण्यानं भरते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गळायला लागतो. तोच पितळी व्हेंट इथे औषध आणि तिथे विष.

आप्पा : म्हणजे घर कोणत्या जातीचं हे बघितल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. हे पटलं. पण एक सांग. काट्यावर दीड बार दिसतोय. दाब आतून बाहेर. भरल्या टायरात बाहेरची हवा कधी शिरली आहे का?

मी : तुमच्या आईंनी हिंग प्लास्टिकच्या डबीत ठेवला असता तर शेजारच्या साखरेला वास लागला असता की नाही? झाकण घट्ट लावूनही? वायू प्लास्टिकमधून, रबरातून पाझरतो. आणि प्रत्येक वायू फक्त स्वतःचा दाब बघतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजनचा वाटा ०.२१ बार, आतल्या मेलेल्या पाण्यात जवळजवळ शून्य. मग पाण्याचा दाब दीड असो की दहा, ऑक्सिजन आतच जाणार.

आप्पा : उताराकडे.

मी : त्याच्या उताराकडे. १९७० आणि १९८० च्या दशकांत इथे फरशीखालच्या हीटिंगसाठी प्लास्टिकच्या नळ्या सर्रास बसवल्या. न गळणाऱ्या, न गंजणाऱ्या. नळ्या खरंच गंजल्या नाहीत, पण त्यांतून पाझरलेल्या ऑक्सिजननं बॉयलर आणि लोखंडी भाग गंजले आणि त्याच नळ्या गाळानं भरल्या. मग डीआयएन ४७२६ हे मानक आलं, नळीवर ऑक्सिजन अडवणारा ईव्हीओएचचा पातळ थर आला. जुन्या नळ्या फरशी फोडल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून मी अशा घरांत मध्ये हीट एक्स्चेंजर टाकते. फरशीचं पाणी एकीकडे, बॉयलरचं एकीकडे. सोयरीक फक्त उष्णतेची.

आप्पा : या घरात प्लास्टिकच्या नळ्या आहेत?

मी : नाहीत. सगळं तांबं आणि लोखंड.

आप्पा : मग मला मघापासून हिंग कशाला हुंगवतेस!

यावर मलाही हसू आलं. आप्पांनी पेला खाली ठेवला आणि काट्याकडे बोट केलं.

आप्पा : हा काटा तू कधी बघतेस?

मी : संध्याकाळी, कधीमधी. परवा २.७ होता. पाणी गरम आहे, चढणारच, म्हणून सोडून दिलं.

आप्पा : मी पहाटे साडेचारला बघतो. शिफ्टची सवय. तेव्हा ०.६ असतो. म्हणून तर पाणी भरतो.

मी : ०.६? रोज?

आप्पा : कधी ०.५. रात्री तुझा बॉयलर झोपतो, पाणी गार होतं, आकसतं. तसं होणारच म्हणून मीही सोडून दिलं.

आम्ही दोघंही गप्प झालो. मी फक्त संध्याकाळ पाहिली होती आणि आप्पांनी फक्त पहाट. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर दोघांनाही एकच गोष्ट दिसली असावी, कारण दोघांची नजर एकदमच भिंतीवरच्या लाल टाकीकडे गेली.

मी : तुमची खोली इथून आठ मीटर वर. दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एक बार. खाली ०.६ असताना वर उणे ०.२. बाहेरच्या हवेपेक्षा कमी. आणि वर, नळीच्या टोकाला तो आपोआप हवा सोडणारा व्हेंट आहे.

आप्पा : तो पहाटे हवा सोडत नाही. ओढतो.

मी : आणि पाण्याचा तुमचा हिशेब इथे फिरतो. एक लिटर हवेत जवळजवळ २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ताज्या पाण्याच्या पंचवीस लिटरांत मिळून असतो तेवढा. तुमच्या दोन लिटर पाण्याला मी उगाच नावं ठेवली. घात त्या व्हेंटमधून होतोय.

आप्पा : चोरासाठी ठेवलेल्या वॉचमननंच कडी काढली म्हणायची. बरं, ती टाकी उघड.

लाल टाकीचं काम न बोलता सगळं सांभाळण्याचं. दोनशे लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं की सव्वातीन लिटर फुगतं, आणि पाणी काही दाबून बसवता येत नाही. ते फुगलेलं पाणी घ्यायला टाकी. आत रबरी पडदा, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला दाबून भरलेला नायट्रोजन. संध्याकाळी पाणी पडद्याला रेटतं, पहाटे पडदा पाण्याला परत रेटतो. वायूच्या बाजूला स्कूटरच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. आप्पांनी त्याची टोपी काढली आणि नखानं पिन दाबली. तिथून फक्त वायू यायला हवा. आली ती तांबड्या पाण्याची पिचकारी, थेट त्यांच्या बनियनवर.

आप्पा : पडदा फाटला.

मी : फाटलाय. टाकी पाण्यानं भरली आहे. संध्याकाळी फुगलेल्या पाण्याला जागाच नाही, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि दोन-तीन लिटर पाणी गटारात जातं. पहाटे तेवढंच कमी पडतं, वर उणे दाब होतो, हवा आत. सकाळी तुम्ही हवा सोडता, पाणी भरता. संध्याकाळी ते पुन्हा गटारात.

आप्पा : आणि मी समजत होतो, मी दुरुस्त करतोय. ही टाकी शेवटची कधी तपासलीस?

मी : घर घेतल्यापासून नाही. चार हिवाळे.

आप्पा : लोकांच्या घरी काय सांगतेस?

मी : वर्षातून एकदा. पाण्याची बाजू बंद करून, रिकामी करून, वायूचा दाब मोजायचा. जेवढे मीटर उंची, त्याचे बार, वर ०.२. आपल्या घराला १.०.

आप्पा : दिव्याखाली अंधार.

मी : आणखी सांगते, बोलून घ्या. गेल्या वर्षी मी स्वतः दोनदा पाणी भरलं होतं. या वर्षी तुम्ही यायच्या आधी महिन्यात दोनदा. बंद चक्र आहे, एखाद वेळेस लागतं थोडं, असं म्हणत होते.

आप्पा : कुठं लिहिलंस?

मी : लिहिलं नाही.

आप्पा : इथं चुकलीस. आमच्या लॉगबुकात मेकअप पाण्याचा रकाना असायचा. प्रत्येक शिफ्टला किती पाणी दिलं ते लिहायचं. वाफ किती झाली, दाब किती होता, हे साहेब विचारायचे. आम्ही जुने लोक आधी मेकअप बघायचो. मेकअप वाढलं म्हणजे कुठं तरी ट्यूब गळतेय, ती डोळ्यांना दिसायच्या आधी कागदावर दिसायची. तू बंद सिस्टिम केलीस आणि वही पण बंद केलीस.

मी : आमच्या धंद्यात बंद सिस्टिमचा अभिमान हाच असतो, आप्पा. नीट आखली की विसरून जायची.

आप्पा : आणि आमच्या धंद्यात अभिमान असतो रोज हात लावण्याचा. म्हणून मी आठ दिवस नळी घेऊन फिरलो, कशामुळं लागतंय हे न विचारता. वही माझ्याकडं पण नव्हती. असती तर तिसऱ्या दिवशी समजलं असतं.

वाद इथेच संपला असं नाही. जेवताना आप्पांनी बॉयलरच्या तोंडाशी बारीक बुडबुडे धरणारा सेपरेटर बसवायचा आग्रह धरला. पाणी सगळ्यांत गरम तिथंच, म्हणजे हवा तिथंच सुटणार, हे त्यांना हेन्रीच्या आधीपासून ठाऊक होतं. मी म्हटलं, बसवू, पण दार उघडं ठेवून झाडू मारण्यात अर्थ नाही, आधी टाकी. सल्फाइटचं मात्र त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. मीही रोज हवा सोडण्याबद्दल काही बोलले नाही.

सोमवारी नवी टाकी बसली, २५ लिटरची, १.० बारनं भरलेली. चक्र एकदा भरलं, सगळे रेडिएटर खालून वर एकदा मोकळे केले, माळ्यावरच्या व्हेंटची टोपी आवळली. थंड पाण्यावर काटा १.४. संध्याकाळी १.८. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आप्पा खाली गेले ते मला जिन्यावरून ऐकू आलं. काटा १.४.

तोवर त्यांनी बॉयलरशेजारी दोऱ्यानं एक शंभर पानी वही टांगली होती. पट्टीनं आखलेले चार रकाने. तारीख, पहाट, संध्याकाळ, मेकअप. पहिले तीन रोज भरले जात होते. चौथ्यात आप्पांच्या टपोऱ्या अक्षरात एकाखाली एक शून्यं.

फेब्रुवारीत ते सांगलीला परतले. रविवारी फोनवर नातवाची चौकशी झाली की विचारतात, "किती भरलं?"

मागच्या रविवारी मी म्हटलं, "काही नाही, आप्पा. महिनाभर काहीच लिहायला लागलं नाही."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आप्पा म्हणाले, "लागलं नाही आणि लिहिलं नाही यात फरक आहे. रकाना रिकामा ठेवलास तर उद्या बघणाऱ्याला काय कळणार? शून्य असेल तर शून्य लिही."

फोन ठेवून मी तळघरात गेले. वहीत चार आठवडे कोरे होते. काटा पाहिला, १.८. तारीख घातली, संध्याकाळचा आकडा घातला आणि चौथ्या रकान्यात शून्य काढलं. मागचे चार आठवडे तसेच कोरे राहू दिले. ते आता कुणालाच भरता येणार नव्हते.